बाबांचा दम आणि माझी बोटं

हे आत्ताच सांगायचं आहे, आत्ताच, कारण गाडी घाट उतरायला लागली की रेंज जाते आणि मग नांदुरा येईपर्यंत हे माझ्या पोटात नुसतं उड्या मारत बसेल. आज सकाळी बाबांनी मला मेसेज पाठवला. स्वतः टाइप केलेला, स्वतःच्या बोटानं, आयुष्यातला पहिला! मी बुलढाण्याच्या स्टँडवर उभ्या उभ्या तो वाचला आणि रडायला लागली. शेजारच्या बाईंनी विचारलं, घरी कोणाचं काही झालं का? काय सांगू त्यांना. मेसेज काय होता ते शेवटी सांगते, आत्ताच सांगितलं तर तुम्ही म्हणाल यात काय एवढं. त्यासाठी सहा वर्षं मागे जावं लागतं. तेव्हा मी नुकतीच कॉलेजात गेली होती आणि मला वाटायचं की माझ्याइतकं छान आख्ख्या नांदुऱ्यात कोणी लिहीत नाही. (आमच्याकडे बाया ‘मी गेली, मी रडली’ असंच म्हणतात. ती चूक नाही, बोली आहे. पण हे कळायलाही मला वेळ लागला.)

आमचं घर रेल्वेच्या पटरीला लागून. मालगाडी गेली की फळीवरचे डबे एकमेकांना धडकायचे आणि घरातलं बोलणं जागच्या जागी थांबायचं. म्हणजे आई म्हणत असायची, ‘उद्या तुह्या मामाच्या घरी’, आणि गाडी आली की तिथंच गप्प, हात मात्र परातीत भाकरी थापत राहायचा. शेवटचा डबा गेला की ती त्याच शब्दापासून पुढे, ‘जावं लागते, साडी काढून ठेव.’ बाबापण तसेच. दोघांना सवयच होती. मी एकटी गाडीच्या वरून ओरडायची. माझं बोलणं कुठल्याही गाडीसाठी थांबायचं नाही, आणि आई कानावर हात ठेवून म्हणायची, ‘अवं, श्वास तरी घे!’ हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते ऐकूच येत नव्हतं.

बाबांचा धंदा भोंग्याचा. शालिकभाऊ भोंगेवाले म्हटलं की आजूबाजूच्या पंधरा-वीस खेड्यांत कोणीही ओळखायचं. काळापिवळा ऑटो, टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर बॅटरी आणि मशीन. मशीन म्हणजे आवाज मोठा करायची पेटी. नळाला पाणी कधी येणार, कापसाची खरेदी कुठं सुरू झाली, विहारात कार्यक्रम किती वाजता, कोणाची म्हैस हरवली, कोण वारलं, सगळं बाबांच्या आवाजात गावाला कळायचं. याला आमच्याकडे अलाउन्स म्हणतात. बाबा चौथी शिकलेले, पण कागद हातात आला की त्यांचा एक नियम होता. लोकांनी जे लिहून दिलं त्यातला एक शब्द कमी करायचा नाही आणि एक शब्द आपल्या मनानं घालायचा नाही. ‘कागद त्यायचा हाय, आपला फक्त गळा’, असं ते म्हणायचे. आदल्या संध्याकाळी चष्म्याची दोरी कानामागं अडकवून ते ओट्यावर बसायचे, कागद मांडीवर, हातात लाल पेन्सिल, आणि ओठातल्या ओठात पुटपुटत त्यावर रेघोट्या ओढत बसायचे. मला वाटायचं म्हातारपणाचा चाळा आहे. विचारलं कधीच नाही. आता ही गोष्ट आठवली की स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटते.

बारावीनंतर मला मोबाइल मिळाला आणि मी जाहीर केलं की आता कागद बंद. गिऱ्हाइकानं फोनवर मजकूर सांगायचा, मी दोन मिनिटांत टाइप करणार, अक्षरं मोठी करून देणार, बाबांनी चौकात ऑटो उभा करून मोबाइल बघत वाचायचं. बाबांना तर अभिमान वाटला. ‘माह्यी पोरगी बोलता बोलता लिहिते’, असं ते चहाच्या टपरीवर सांगत सुटले. आणि माझी बोटं खरंच पळायची हो! पण फक्त पळून मला समाधान नव्हतं. कॉलेजात एका पोरीनं माझ्या ‘मले-तुले’ची नक्कल केली होती, ते मनाला लागलं होतं. मी ठरवलं की आपल्या लिहिण्यात गावाचा वासही येऊ द्यायचा नाही. मग माझा अलाउन्स असा निघायचा:

‘नांदुरा शहर व परिसरातील समस्त बंधू भगिनींना कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की येत्या रविवारी शाळेच्या मैदानावर भव्य नेत्र तपासणी शिबिर आयोजित करण्यात आलेले असून त्यामध्ये तज्ज्ञ डॉक्टर उपस्थित राहणार असून मोतीबिंदूची तपासणी करण्यात येणार असून वेळ सकाळी नऊ ते दुपारी दोन अशी असून ज्यांना जुना चष्मा आहे त्यांनी तो सोबत आणावा आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आपले कागदपत्र घेऊन आणि सर्वांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहून शिबिराचा लाभ घ्यावा ही नम्र विनंती!!!’

मोजा, एवढ्यात एकही पूर्णविराम नाही. मधुमेहवाल्यांनी कागदपत्र घेऊन काय करायचं, तेही राहूनच गेलं. पण मला ते फार भारदस्त वाटायचं. आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं, प्रत्येक वेळी तीन, कारण मला सगळ्याचाच उत्साह. बाबा आपला नियम पाळायचे. चिन्हं दिसली की आवाज चढवायचे. एकदा एका गुरुजींच्या शोकसभेचा मजकूर मी असाच पाठवला आणि बाबांनी भर चौकात ‘दोन मिनिटे शांतता पाळण्यात येईल’ हे असं ओरडून सांगितलं की पानाच्या दुकानातली माणसं दचकून बाहेर आली. मला वाटलं, बाबांना कुठं आवाज लावावा ते कळत नाही. हो, असं वाटलं मला. माझा पोरकटपणा लिहायचा तर हेपण लिहावं लागेल.

मग हळूहळू बाबांना दम लागायला लागला. पहिल्यांदा बाजाराच्या दिवशी, मग रोजच. घरी यायचे तर चेहरा लाल, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, ओट्यावर बसून नुसता श्वास मोजायचे. आई घाबरली. अडुळशाचा काढा सुरू झाला, मिरचीची भाजी बंद, ठेचा बंद, तेल कमी. वरण-बट्टीवर तूप घालताना आईचा हात अडखळायचा. खामगावला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, फुंकायला लावलं, आणि म्हणाले, ‘फुप्फुस चांगलं आहे काकांचं. वाचताना दम लागतो तर वाचणं कमी करा.’ बस एवढंच.  घरी येऊन बाबा म्हणाले, ‘डॉक्टरले नाही समजत. माह्यी उमर झाली. गजूले निरोप देतो, मशीन घेऊन जा म्हणतो.’ गजू म्हणजे आमच्याच गल्लीतला, तो पेन ड्राइव्हवाला. आवाज आधीच भरून आणायचा आणि दिवसभर तेच वाजवत फिरायचा. ज्या मशीनला बाबा मला हातही लावू द्यायचे नाहीत, ते आता गजूला देणार होते. आईनं भाकरीचं पीठ परातीत तसंच ठेवलं आणि मोरीपाशी जाऊन उगाच भांडी घासत बसली.

गजू दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. ‘काय वं आशे, भाऊ कुठी हाय? मशीन पाह्याले आलो.’ बाबा आत भिंतीकडे तोंड करून पडलेले. आतूनच म्हणाले, ‘ने बाबा. पण आजचा डोळ्याच्या शिबिराचा अलाउन्स राह्यला. शब्द देल्ला हाय म्या त्यायले.’ मी म्हटलं, मी करते ना, मीच तर लिहिलाय! गजू हसला. ‘चाल. मी ऑटो चालवतो, तू बोल. झालं का मग संध्याकाळी मशीन माह्यं.’

भाजीबाजाराच्या तोंडाशी त्यानं ऑटो उभा केला. मी माइक धरला, मोबाइल समोर धरला आणि सुरू झाली. ‘समस्त बंधू भगिनींना’पर्यंत झकास. ‘आयोजित करण्यात आलेले असून’पर्यंत बरी. दुसऱ्या ‘असून’ला छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं, पण थांबायचं कुठं? पुढचा शब्द मागच्याला चिकटलेला, जागाच नाही. तिसऱ्या ‘असून’ला आवाज चिरकला, आणि चष्म्यापाशी माझा श्वास असा संपला की माइकमध्ये नुसता ‘हक्’ असा आवाज आला. दोन भोंग्यांतून. आख्ख्या भाजीबाजाराला.

लोक हसले. भाजीवाली शांताबाई वांग्याच्या ढिगाआडून ओरडली, ‘अवं माय, पाणी पी आंधी! जीव जाईन तुह्या अलाउन्समधी!’ गजू हँडलवर डोकं ठेवून हसत होता. ‘तुह्या बापाले बी असंच होते. खानदानी बिमारी दिसते तुमची.’ शांताबाईनं तांब्या आणून दिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, ‘शालिकभाऊ पह्यले कसे सांगत. थांबून थांबून. सारं समजे. आता काय झालं बाप्पा त्यायले, मालगाडी सोडल्यावानी बोलतात. डोळ्याचं शिबिर कुठी हाय ते बी नाही समजलं मले.’

मी तांब्या तसाच खाली ठेवला. मी अठरा वर्षांची. मला दमा नाही, काही नाही. तरी मला तो मजकूर वाचता येत नव्हता. बाबांचे दम लागण्याचे दिवस मनात मागे मागे मोजत गेली, तर ते बरोबर माझ्या मोबाइलपाशी येऊन थांबले.

‘गजूदादा, घरी घे ऑटो.’ ‘अन् बाकीचे चौक?’ ‘घरी घे म्हटलं ना!’

घरात शिरल्या शिरल्या मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली ओढली. बाबांचे जुने कागद त्यात होते, एकही फेकलेला नाही. प्रत्येक कागदावर त्या लाल रेघा. कुठं एक उभी, कुठं दोन. मी बाबांसमोर कागद धरला. हे काय आहे बाबा?

‘ते? ते आपलं असंच.’ मग उठून बसले. ‘एक रेघ म्हंजे हॉल्ट. गाडी जरा धीमी करायची अन् निघायचं. दोन रेघा म्हंजे टेसन. तथी उभं राह्यचं. पाणी भरायचं, माणसं उतरू द्यायची, चढू द्यायची.’

‘मग मोबाइलवर काऊन नाही केल्या?’

‘त्याच्यावर पेन्सिल चालते का?’

मी म्हटलं, हा जुना कागद वाचून दाखवा. त्यांनी वाचला, पाणीपुरवठ्याचा, चांगला लांबलचक. आवाज खणखणीत, ओट्यावरचा गजू आत डोकावून बघायला लागला. दम? नाव नाही. मग मी मोबाइल दिला. तिसऱ्या ‘असून’ला बाबा खोकायला लागले, अगदी माझा आवाज चिरकला होता तिथंच. मी त्यांच्या हातून मोबाइल काढून घेतला.

‘बाबा, तुमची छाती बरी आहे. माझं लिहिणं बिमार आहे.’

आई दारात उभी, हात पिठाचे. ‘म्हंजे सहा महिने मी या माणसाले काढा पाजून राह्यली, अन् खोट तुह्या बोटाईत होती काय वं?’

मी बाबांना विचारलं, तुम्ही मला बोलले काऊन नाही एकदाही? ते कागदाच्या घड्या सरळ करत राहिले. मग म्हणाले, ‘मले वाटलं, आता शिकलेले लोक असंच लिहीत असतीन. मी चौथी शिकलो. मले वाटलं माह्याच दम कमी पडते.’

इथं मी जरा थांबते. बसमध्ये आहे, सगळे बघतात.

तर. गजूला बाबांनी उद्यापर्यंत थांबायला सांगितलं. त्यानं ‘म्हंजे मी काय खेळणं हाय का?’ म्हणत आईच्या हातचा चहा पिऊन घेतला आणि गेला. आणि मी त्या दुपारी पहिल्यांदा स्वतःचं लिहिणं शत्रूचं लिहिणं असल्यासारखं वाचलं. बारावीला मराठीत चांगले मार्क होते मला! विरामचिन्हांचा प्रश्न तर पैकीच्या पैकी. पण मला वाटायचं ती चिन्हं पेपर तपासणाऱ्यासाठी असतात, माणसासाठी नाही. कॅलेंडरच्या पाठीमागं मी माझ्या वाईट खोडी लिहायला घेतल्या. ‘असून’ आणि ‘आणि’ यांना लोंबकळत वाक्य ओढत न्यायचं. वाक्य सुरू एका माणसापासून करायचं आणि संपेपर्यंत तो माणूसच विसरून जायचा. जिथं तिथं ओरडायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मी इतके दिवस दुरुस्त काय करत होती? माझं ‘ले’. जे मोडलेलंच नव्हतं ते! एका पोरीनं नक्कल केली म्हणून मी आईची भाषा लपवायला जड जड शब्द गोळा केले, आणि त्या ओझ्याखाली बाबांचा श्वास गेला.

मग परीक्षा आईसमोर. ती चुलीपाशी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होती, मी मोठ्यानं वाचायची. आईला लिहिता-वाचता फारसं येत नाही, पण तिचा हात पक्का. समजत असेल तोवर थापणं सुरू, समजलं नाही की हात थांबायचा. ‘कोण घेऊन यावं?’ ती विचारायची. मी खोडायची. परत वाचायची, परत हात थांबायचा. ‘भव्य म्हंजे काय, मंडप मोठा हाय का?’ नाही. ‘मंग काढ ना.’ काढलं. चार भाकरी करपल्या आणि एक मजकूर तयार झाला. बाबांनी त्यावर पेन्सिल धरली, पूर्ण वाचला, आणि एकही रेघ न ओढता पेन्सिल कानावर ठेवली. जिथं त्यांचं टेसन यायचं तिथं माझा पूर्णविराम आधीच उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच भाजीबाजार. मी शांताबाईच्या बाजूला पोत्यावर बसली, गजू समोर हाताची घडी घालून.  बाबांनी घसा साफ केला.

‘नांदुऱ्याच्या लोकांनो, डोळे तपासायचं शिबिर आहे. रविवारी, सकाळी नऊ ते दोन. शाळेच्या मैदानावर.’

आणि बाबा थांबले. भोंग्यात नुसती खरखर. मला वाटलं, संपलं, परत दम लागला. पण ते पाण्याचा घोट घेत होते, आरामात. आणि त्या थांबण्यात शांताबाई शेजारणीकडे वळली, ‘रविवारी हाय म्हणते. तुह्या सासूले ने.’ कांदेवाला पलीकडे सांगत होता, ‘शाळेत, शाळेत.’ आख्खा बाजार त्या एका पूर्णविरामात एकमेकांशी बोलत होता. माणसं उतरत होती, चढत होती. मग बाबा पुढे निघाले, ‘जुना चष्मा असेल तर सोबत आणा.’ परत थांबले. परत तीच कुजबुज. शेवटपर्यंत आले, आणि चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही.

गजू जवळ आला, ऑटोच्या टपावर हात ठेवला. ‘राहू दे भाऊ तुह्यं मशीन तुह्याजोळ. माह्या पेन ड्राइव्हचा मजकूर मात्र या पोरीनं लिहून देल्ला पाह्यजे.’ बाबा म्हणाले, ‘तिच्या आईले विचार. पास-नापास ती करते.’ त्या दिवशी घरी मिरचीची भाजी झाली, चांगली तिखट, तर्रीवाली. आणि काढ्याचं पातेलं आईनं घासून उलटं ठेवून दिलं.

आता मी बुलढाण्याला असते, दिवसभर दुसऱ्यांचे मजकूर नीट करते, आणि तरी उत्साह चढला की माझी बोटं अजून तशीच सुटतात, वरचा मजकूर बघा, किती उद्गारचिन्हं सांडलीत! पण पाठवायच्या आधी मी अजूनही मोठ्यानं वाचते. जिथं आईचा हात थांबला असता तिथं थांबते.

घाट आला. मेसेज सांगते. बाबांनी मोबाइलवर उभी रेघ कुठं असते ते शोधून काढलंय, कोणी न सांगता, सहा वर्षांनी. असा आहे:

‘आशू । खिडकीत बसू नको । घाटात मळमळते तुले ॥ आईनं बट्ट्या लावल्या ॥ दमानं ये ॥’

मी खिडकीतच बसली आहे. उत्तर लिहिलं, ‘हो बाबा.’ पूर्णविराम दिला, एक श्वास भरून घेतला, आणि मग पाठवलं.

तुमचंही असं झालंय का हो कधी? तुमच्या लिहिण्याचा त्रास घरातलं कोणी मुकाट्यानं स्वतःचीच कमजोरी समजून सोसत होतं, आणि तुम्हाला ते एकदम कळलं? झालं असेल तर लिहा मला. दमानं लिहा.